सच्या, जामीन राहतोयस म्हणं?

प्रिय सच्या,

साडूच्या पोराला जामीन राहू का म्हणून विचारलायस. मेसेजात भागणार नाही, म्हणून लांबलचक लिहितोय.

आमच्या दिप्याची गणपतीतल्या हाणामारीची केस तुला माहितीच हाय. जामिनाची ऑर्डर झाली म्हणून घरात पेढे आले, पण ऑर्डर झाली म्हणजे माणूस सुटला असं नसतंय भावा. पंचवीस हजाराचा जातमुचलका (तारखेला येतो, नाहीतर एवढे पैसे भरतो असं स्वतः लिहून द्यायचं), तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मग सातबारा काढा, ऐपतीचा दाखला आणा, आधार, फोटो, आणि कसबा बावड्याच्या कोर्टात कागद तपासून होईपर्यंत पोरगं आपलं कळंबा जेलातच. १९७८ ला मोतीराम केसमध्ये एका गवंड्याकडं दहा हजाराचा जामीनदार मागितला, वर त्याचा भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला, तेव्हा सुप्रीम कोर्टानं खालच्यांना चांगलंच सुनावलं होतं. २०२३ ला तर सांगितलंय की जामीन होऊन आठवड्यात कैदी सुटला नाही तर जेल सुपरिटेंडंटनं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबाला फुकट वकील देणारं सरकारी ऑफिस) कळवायचं. दिप्याच्या आईला हे कोण सांगणार?

आणि अटी! साक्षीदाराला दमदाटी नको, तारीख चुकवायची नाही, हे पाहिजेच, मार खाल्लेलं पोरगंपण आमच्याच गल्लीतलं हाय. पण सोमवार-गुरुवार अकरा ते एक ठाण्यात हजेरी, आणि दिप्या गोकुळ शिरगावला फाउंड्रीत, फर्स्ट शिफ्ट. गेला की अंमलदार बंदोबस्ताला, वही कपाटात, किल्ली साहेबांकडं, मग दोरीला बांधलेल्या पेनानं एक सही करायला अर्धा दिवस आणि हजेरी बुडाली ती वेगळीच (कारखान्यातली!). वकिलांनी अट शिथिल करायचा अर्ज टाकला तेव्हा कुठं रविवार सकाळ मिळाली. हा अर्ज करता येतो हेच लोकांना माहीत नसतंय, लोक नोकरी सोडतात. बरं झालं, गुगल मॅपचं लोकेशन पोलिसांना सतत दाखवायची अट सुप्रीम कोर्टानं २०२४ ला उडवली, नाहीतर अंघोळीला मोबाईल घेऊन जायला लागला असता.

आता तुझं. पोरगं तारखेला गायब झालं तर नोटीस तुला येणार, तू बॉण्डमध्ये लिहून दिलेली रक्कम तुझ्याकडनं वसूल होऊ शकते. नको वाटलं तर अर्ज करून मोकळा होता येतंय, पण मग त्याला दुसरा जामीनदार नाहीतर परत आत. साडूला बाजूला ठेव, पोराशी स्वतः बोल. तारखा पाळणारं वाटलं तर बिनधास्त हो म्हण. आणि शेत अजून आईच्याच नावावर असेल तर तो सातबारा तुझ्या कामाचा नाही, आधी ते बघ.

तुझाच,
विज्या