काळे टी-शर्ट आणि आजीच्या मोहऱ्या

पुणे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

दिवाळीत सोलापूरला आलो असताना माझ्या खोलीतला हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताचा आवाज ऐकून बाबांनी विचारले होते, की ज्या माणसाने ४० वर्षे यंत्रमागाच्या खडखडाटात काढली त्याच्या घरात पुन्हा तोच खडखडाट कशाला, आणि पैसे मोजून तो ऐकायला जाणारी माणसे तरी कोण? तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आता त्याचे उत्तर पेनड्राइव्हवर घालून पाठवत आहे.

सॅम डन हा कॅनडाचा मानववंशशास्त्राचा अभ्यासक स्वतःच हेवी मेटलचा चाहता. २००५ साली त्याने सहकाऱ्यांसह ‘मेटल: अ हेडबँगर्स जर्नी’ हा माहितीपट केला. एखाद्या जमातीकडे अभ्यासकाने जावे तसा तो आपल्याच लोकांकडे जातो आणि त्यांना हसण्याऐवजी प्रश्न विचारतो. जर्मनीतल्या वाकन गावच्या मेटल महोत्सवात काळ्या टी-शर्टांची ती गर्दी पाहताना मला आपल्या गड्ड्याच्या जत्रेतली पांढरी बाराबंदी आठवली. (सिद्धरामेश्वरांची बरोबरी करत नाही, आई, रागावू नकोस.)

तुझ्यासाठी त्यात एक प्रसंग आहे. तर्जनी आणि करंगळी ताठ ठेवून बाकीची बोटे मिटायची, ही मेटलवाल्यांची खूण. रॉनी जेम्स डिओ हा गायक सांगतो, की त्याची इटालियन आजी वाईट नजर लागू नये म्हणून ती करत असे. नववीत असताना माझ्या भिंतीवरचे त्याच खुणेचे पोस्टर तू सैतानाचे म्हणून काढून टाकलेस, आणि त्याच संध्याकाळी आपल्या आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली! मोहऱ्या किती तडतडल्या होत्या, ते आठवते का?

बाबा, तुम्हाला ब्लॅक सॅबथ या मेटल बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीविषयी सांगायचे आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, वयाच्या १७ व्या वर्षी, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून तो जड, खालच्या पट्टीतला आवाज आणखी गडद झाला. धोटा लागून काळे पडलेल्या नखानिशी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावर उभे राहताना तुम्हाला मी पाहिले आहे, म्हणून हे तुम्हाला अधिक कळेल.

१९८६ चा ‘हेवी मेटल पार्किंग लॉट’ हा माहितीपट मुद्दामच पाठवलेला नाही, कारण अमेरिकेत जुडास प्रीस्ट या मेटल बँडच्या कार्यक्रमाबाहेर जमलेली, बरीचशी प्यायलेली पोरे त्यात आहेत आणि ती पाहून तुमचे मत अधिकच पक्के होईल. डनचाच २००८ चा ‘ग्लोबल मेटल’ मात्र पाठवला आहे. त्यात मुंबईही आहे, पण तो मी गड्ड्याला आल्यावर आपण मिळून पाहू.

पहिला सावकाश पाहा, आणि आवाज बाबांच्या कानाच्या मशीनला सोसेल इतकाच ठेवा.

तुमचा,
धाकटा