इमर्शनचे तासही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी भाषांच्या खासगी वर्गांच्या जाहिरातींत हल्ली 'व्याकरणाविना फ्रेंच, थेट इमर्शन पद्धतीने' अशा आशयाचा मजकूर वारंवार दिसतो. इमर्शन म्हणजे भाषा विषय म्हणून न शिकवता बाकीचे विषयच त्या भाषेतून शिकवणे. मी बावीस वर्षे शाळेत पारंपरिक पद्धतीने फ्रेंच शिकवले आणि गेल्या वर्षी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात लेकीकडे सहा महिने राहून नातीची इमर्शनची शाळाही जवळून पाहिली, म्हणून हे लिहीत आहे.

ही पद्धत नावारूपाला आली ती १९६५ साली, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे. तेथील इंग्रजी भाषक पालकांनी पाठपुरावा करून बालवर्गातील २६ मुलांचे शिक्षण संपूर्ण फ्रेंचमधून सुरू करवून घेतले. फ्रेंच हा तेथे विषय नव्हता. गाणी, गोष्टी आणि पुढे गणितसुद्धा त्याच भाषेतून शिकायचे होते. ओंटारिओत आज इमर्शनच्या विद्यार्थ्याचे आठवीअखेर किमान ३८०० तास फ्रेंचमधून व्हावे लागतात. फ्रेंच केवळ एक विषय म्हणून घेणाऱ्याचे ६०० तास होतात. पद्धतींची तुलना करताना हा फरक सोयीस्करपणे विसरला जातो. आपल्याकडचा शनिवार-रविवारचा दोन-दोन तासांचा वर्ग वर्षातले पन्नास आठवडे न चुकता भरला, तरी ३८०० तास व्हायला १९ वर्षे लागतील.

तिसरीतली माझी नात वजाबाकी करताना हातचा फ्रेंचमध्येच पुटपुटते. दहावीत क्रियापदांचे तक्ते बिनचूक लिहून नव्वदच्या वर गुण मिळवणारे माझे विद्यार्थी मात्र फ्रेंच माणसाकडे प्यायला पाणी मागायचे म्हटले तरी गप्प होत, आणि हा दोष आमच्या शिकवण्याचाच होता, हे मला मान्य आहे. पण हीच नात स्वतःचे वय सांगताना 'असणे' या अर्थाचे 'एत्र' क्रियापद वापरते. फ्रेंचमध्ये वय 'आव्वार'ने, म्हणजे 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाने सांगतात. इंग्रजीचे वळण जिभेवर बसलेले, आणि अख्खा वर्ग तसेच बोलतो, त्यामुळे कोणाला काही खटकत नाही. बाईंना अर्थ कळतो, आणि अपूर्णांकांचा धडा पुढे न्यायचा असल्याने त्या थांबत नाहीत. मेरिल स्वेन या कॅनडातील भाषा-संशोधिकेने १९८०च्या दशकातच दाखवले होते की, इमर्शनच्या मुलांचे आकलन फ्रेंच भाषक मुलांच्या जवळपास पोहोचते, पण बोलण्या-लिहिण्यातले व्याकरण मागे राहते. मराठी मुलाला 'ती खुर्ची' आणि 'ते टेबल' कोणी शिकवावे लागत नाही, कारण घर, अंगण, शेजार सगळीकडे तेच कानावर पडते. नातीला शाळा सुटली की फ्रेंच भेटत नाही.

तेव्हा जिथे ३८०० तास मिळतात तिथेही चुका आपोआप सुटत नसतील, तर आठवड्याला चार तासांच्या वर्गातून व्याकरण काढून टाकल्यावर हाती काय उरणार? पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी एकूण तास किती आणि मुलांच्या चुका कोण, कशा दुरुस्त करणार, हे लेखी विचारून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका, पुणे