लाठीआधीची पारख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खान्देशातल्या एका तालुका न्यायालयाच्या आवारात अर्ज लिहून देण्याचे काम मी गेली 22 वर्षे करीत आहे. पोलिसांच्या बळाच्या वापराविषयी वृत्तपत्रांतून होणारी चर्चा बहुधा लाठीमार योग्य की अयोग्य एवढ्यावरच थांबते. लाठी उगारण्याआधी समोरच्या माणसाची जी पारख केली जाते, तिच्याविषयी लिहावे म्हणून हे पत्र.

होळीआधी भरणाऱ्या गेल्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवशी मारामारीच्या एकाच प्रकरणात दोन्ही बाजूंच्या मुलांना ठाण्यात आणले होते. एका बाजूला अडत दुकानदाराचा मुलगा आणि त्याचे दोन मित्र, तर दुसऱ्या बाजूला सातपुड्यातून उतरलेले दोघे पावरा आदिवासी भाऊ. मी कोणाचा तरी कागद घेऊन तिथे गेलो होतो. पहिल्या तिघांना बाकावर बसवून चहा सांगितलेला होता. पावरा भाऊ चपला काढून भिंतीशी उकिडवे बसले होते आणि धाकटा पोटरीवर उठलेले वळ रुमालाने झाकत होता. बंदोबस्ताने पिचलेल्या शिपायाचे हाल मलाही दिसतात, परंतु तो शीण बाकावर बसलेल्यांवर कधी निघत नाही. दुसऱ्या दिवशी न्यायालयात ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे मराठीतून विचारले गेले, तेव्हा घरी-दारी पावरीच बोलणाऱ्या त्या धाकट्याने नुसती मान हलवली. त्याला प्रश्न समजला होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

जामीन सर्वांनाच मंजूर झाला. दुकानदाराच्या मुलासाठी सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन जामीनदार दुपारच्या आत हजर झाला. पावरा भावांच्या बापाचा वनहक्काचा दावा अजून प्रलंबित असल्याने त्याच्याकडे सातबारा नव्हता. मामाची जमीन होती, पण ती सेंधव्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशात, म्हणून तो जामीनदार चालला नाही. वास्तविक मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात, 10,000 रुपयांचा जामीनदार मागणे आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारणे चूक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1978 मध्येच स्पष्ट केले आहे. शिवाय जामीनपात्र गुन्ह्यात अटकेपासून आठवडाभरात ज्याला जामीनदार देता येत नाही, त्याला निर्धन मानून जामीनदाराशिवाय, स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडावे, असे कायद्यातच लिहिले आहे. हे सांगायला त्यांच्या बाजूने कोणी उभे नव्हते, आणि मलाही ते नवव्या दिवशी आठवले, याची लाज वाटते. अकराव्या दिवशी दोघे सुटले.

तक्रार करावी म्हटले तर सोयी कागदावर आहेत. ठाण्यांत सर्वत्र कॅमेरे बसवून त्यांचे चित्रीकरण 18 महिने जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी दिला. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात त्याच न्यायालयाकडून 2006 मध्ये जिल्हा पातळीवरही पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्यास सांगण्यात आले होते. महाराष्ट्राने पोलीस कायद्याच्या 2014 च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी विभाग धरला, म्हणजे सातपुड्यातल्या धडगावच्या मजुराने नाशिक विभागाच्या प्राधिकरणाकडे दाद मागायची. एवढ्या लांबच्या कचेरीसाठी माझ्याकडे आजवर एकही अर्ज लिहायला आलेला नाही.

ही पारख केवळ सातपुड्यातल्या माणसापुरती नाही. 6 जानेवारी 2013 रोजी धुळ्यात हॉटेलातील बिलाच्या वादातून दंगल उसळली, पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण मारले गेले आणि पोलीसच तोडफोड व लूट करताना दिसणाऱ्या चित्रफिती बाहेर आल्यावर काही पोलिसांना अटक झाली. त्या दिवशी काय घडले असे आज धुळ्यात विचारले, तर कोणत्या गल्लीत विचारले यावर उत्तर बदलते.

कॅमेरे आणि प्राधिकरणे यथावकाश नीट चालू लागतील तेव्हा लागोत; तोवर निदान न्यायालयातला तो एक प्रश्न पावरी आणि भिलीतून विचारण्याची सोय व्हावी, एवढी मागणी आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचावी. धाकटा आता गुजरातेत ऊसतोडीला जातो. तारखेला मात्र न चुकता येतो, आणि एसटी स्थानकावरून ठाण्यासमोरचा सरळ रस्ता सोडून नदीकाठाने वळसा घालून न्यायालयात पोहोचतो.

आपला,
एक अर्जलेखक, खान्देश
(नाव व गाव छापू नये, ही विनंती.)