सुरक्षेच्या बोटींनाच आधी शिस्त हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस सरून समुद्र निवळला की आपल्या किनाऱ्यावर सागरी जलतरणाचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यभरातून पोहणारे उतरतात. मुंबईत संक रॉक ते गेटवे ऑफ इंडिया ही स्पर्धा होते. धरमतर ते गेटवे हे सुमारे 36 किलोमीटरचे अंतर तर आता शाळकरी मुलेही पार करतात. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र प्रत्येक स्पर्धेच्या बातमीत ‘सुरक्षेसाठी इतक्या बोटी तैनात’ असे वाक्य येते आणि परवानगीच्या अर्जातही तेवढाच आकडा असतो. त्या बोटी कुठे उभ्या राहणार, कोणाच्या हुकमाने हलणार, पोहणाऱ्याजवळ जाताना इंजिनाचे काय करणार, याविषयी कागदावर एक ओळही नसते. गर्दीत पोहणाऱ्याला सर्वांत जवळचा धोका याच बोटींच्या पंख्याचा असतो, म्हणून हे पत्र.

फायबरच्या बोटीला मागे लावलेले आउटबोर्ड इंजिन अगदी मंद चालू असताना मिनिटाला साधारण 800 फेरे घेते. गिअरमधून ते निम्म्यावर आले, तरी पंखा मिनिटाला 400 वेळा फिरतो. तीन पाती धरली तर एका जागेवरून सेकंदाला 20 वेळा पाते जाते. ‘हळूच नेतो’ म्हणून चालत नाही ते यामुळे. काही इंजिनांचा पंखा न्यूट्रलमध्येही थोडा फिरत राहतो. म्हणून नियम एकच ठेवावा: हात लांबवून माणूस पकडता येईल इतक्या अंतरावर तो आला की इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रल पुरेसे नाही.

दुसरी चूक वळण्यात होते. उजव्या बाजूला पोहणारा दिसला की चालक घाईने बोट डावीकडे वळवतो. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, डावीकडे जाते खरी, पण त्याच वेळी मागची बाजू उजवीकडे फेकली जाते आणि पंखा नेमका पोहणाऱ्याच्या अंगावर येतो. आधी गिअर काढायचा. नाळ त्याच्यापुढे निघून गेली असेल आणि वेग अजून असेल, तर सुकाणू त्याच्याच बाजूला वळवायचे, म्हणजे मागची बाजू त्याच्यापासून दूर जाते. हे मनाला उलटे वाटते, आणि म्हणूनच ते पाण्यात सरावाने पक्के करावे लागते. आदल्या रात्री तोंडी सांगून उपयोग होत नाही.

थकलेल्याला उचलायला जाताना वाऱ्याचा विचार करावा. प्रवाह बोटीला आणि माणसाला सारखाच वाहून नेतो. वारा मात्र पाण्यावर उंच दिसणाऱ्या बोटीलाच ढकलतो. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, बोट थांबवली तर ती माणसावर चढते. म्हणून खालच्या अंगाने, नाळ वाऱ्याकडे ठेवून जावे, दोन बोटींच्या लांबीइतके अंतर राखून इंजिन बंद करावे आणि दोर बांधलेली रिंग फेकावी. एकट्या पोहणाऱ्याच्या सोबतीच्या बोटीलाही हेच लागू आहे: बोट वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पोहणारा वरच्या अंगाला. डिझेलचा धूर त्याच्या नाकात जात नाही आणि बोट त्याच्यावर वाहत येत नाही. त्याची जागा नाळ आणि सुकाणू यांच्या मध्ये, पाच ते दहा मीटरवर, चालकाच्या नजरेसमोर असावी. तो सुकाणूच्या मागे पडला की चालकाला दिसेनासा होतो आणि पंख्याच्या जवळ येतो. पाणी-खाणे देताना लांब दोरीला बांधलेली बाटली फेकावी. बोटीला टेकून खाऊ घालण्याची सवय मोडलीच पाहिजे.

स्पर्धेच्या मार्गाच्या आतल्या बाजूला इंजिनाची बोट असूच नये. आत कयाक (वल्ह्याने चालणारी छोटी अरुंद होडी) आणि रेस्क्यू बोर्ड (बचावाची तरंगती फळी), बाहेर इंजिनाच्या बोटी. दर वीस पोहणाऱ्यांमागे एक कयाक धरावी, लहान मुलांच्या गटात दर दहांमागे. इंजिनाच्या बोटींनी मार्गापासून किमान 50 मीटर बाहेर, समुद्राच्या बाजूने, ठरलेल्या जागी थांबावे आणि मार्ग ओलांडायचा तर रेडिओवर परवानगी घेऊनच. जेटस्कीला उघडा पंखा नसतो, म्हणून ती उपयोगी आहे. मात्र तिच्या खालच्या जाळीतून पाणी ओढले जाते आणि त्यात सुटे केस, दोऱ्या अडकतात, हे विसरू नये. मासेमारीचा ट्रॉलर बचावाच्या कामाचा नाही. त्याची कड इतकी उंच असते की गळून गेलेल्या माणसाला वर घेता येत नाही. त्याचा उपयोग टेहळणीसाठी आणि डॉक्टर बसवायला.

प्रत्येक इंजिनाच्या बोटीत किमान दोन माणसे हवीत: तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आणि पाण्यात उडी घेणारा जीवरक्षक. तांडेलाने काहीही झाले तरी उडी मारायची नाही. चालक पडला तर इंजिन बंद पाडणारी लाल दोरी त्याच्या पायाला अडकवलेली हवी. आपल्याकडे ती बहुधा इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली असते. चालक बाहेर फेकला गेला तर सुकाणू मोकळे सुटते आणि बोट गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर परत येते. शिडी बाजूला लावावी, मागे पंख्याजवळ नको. जाळे कापायला धारदार सुरी, 20-25 मीटर दोराची रिंग, शिट्टी आणि पाण्याने न बिघडणारा व्हीएचएफ रेडिओ ही सामग्री प्रत्येक बोटीत असावी. मोबाइलवर भिस्त ठेवू नये. ओल्या बोटांनी तो चालत नाही आणि खाडीत रेंज जाते. संकटाची हाक चॅनेल 16 वर, स्पर्धेचे बोलणे दुसऱ्या एका ठरलेल्या चॅनेलवर. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक 1554 प्रत्येक बोटीत लिहून चिकटवलेला असावा.

प्रेक्षकांच्या आणि छायाचित्रकारांच्या बोटींविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. पालकांना आपले मूल जवळून पाहायचे असते, पाहुण्यांना फोटो हवा असतो, आणि चालकाला ‘अजून थोडे जवळ घ्या’ असे सांगणारा त्याला पैसे देणारा असतो. हंगामात मालवणच्या पाण्यात स्कुबाच्या आणि पॅरासेलिंगच्या बोटीही असतात. पॅरासेलिंगच्या बोटीवरच्या माणसांची नजर मागे, छत्रीकडे असते. वेग घेताना नाळ उचलली जाते आणि पुढचे पाणी काही क्षण दिसतच नाही. स्पर्धेच्या तासांत या सर्वांना एक वेगळी पट्टी आखून द्यावी. तेवढ्या वेळेपुरता त्यांचा धंदा बुडतो, म्हणून त्यांच्याशी आधी बोलून वेळ ठरवावी. आदल्या दिवशी नोटीस लावून काम भागत नाही.

मुंबई बंदराची गोष्ट आणखी निराळी. 18 डिसेंबर 2024 रोजी भर दिवसा गेटवेसमोर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसे दगावली. शंभराहून अधिक माणसे घेऊन जाणारी बोट जिथे वाचली नाही, तिथे पाण्यावर वीतभर दिसणाऱ्या डोक्याचा काय पाड! वीस नॉटने येणारी बोट सेकंदाला दहा मीटर कापते. अर्ध्या मीटरच्या लाटांत डोके 50 मीटरवरून दिसले, तर चालकाच्या हाती पाच सेकंद उरतात. सकाळी पूर्वेकडे तोंड करून येणाऱ्याला तर उन्हाच्या चकाकीत तेवढेही मिळत नाहीत. म्हणून निळी, काळी, पांढरी टोपी बंद करावी. भडक केशरी, गुलाबी किंवा पोपटी टोपी आणि कमरेला बांधलेला रंगीत फुगा सक्तीचा असावा. फुगा जीव वाचवणारे साधन नाही, तो केवळ दिसण्यासाठी आहे, हे मुलांनाही सांगावे. पहाटेआधी सुरू होणाऱ्या धरमतरच्या पोहण्यात पोहणाऱ्याच्या पाठीवर हिरवी प्रकाशकांडी लावावी आणि सोबतच्या बोटीतले दिवे कमी ठेवावेत. डेकवर झगझगीत दिवा असला की तांडेलाला बाहेरचे काहीच दिसत नाही.

स्पर्धेची तारीख आपल्याकडे रविवार पाहून ठरते. ती तिथी पाहून ठरायला हवी. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक जातो आणि खाडीच्या तोंडाशी पाणी दोन नॉटने, म्हणजे सेकंदाला एक मीटर धावते. सर्वसाधारण पोहणारा सेकंदाला 0.8 मीटर जातो. तो हात मारत असतो आणि मागे सरकत असतो. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईचा. दक्षिणेकडे वेळ अलीकडे येते, म्हणून तिथल्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहावे. अष्टमी-नवमीच्या आसपासचा, भांगाच्या (भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याच्या) दिवसांतला रविवार निवडला तर निम्मी काळजी मिटते. धरमतरहून ओहोटी साधून निघणाऱ्याला एक तास उशीर झाला, तर बंदराच्या तोंडाशी त्याला समोरून भरती भेटते. मग बोट आणि पोहणारा दोघेही प्रवाहात बांधलेल्या मासेमारीच्या डोल जाळ्यांच्या खुंटांकडे ढकलले जातात. त्या भागातल्या कोळीवाड्यांना विचारून जाळ्यांच्या जागा नकाशावर घेतल्याशिवाय मार्ग आखू नये.

मार्ग दाखवणारे बोये (तरंगत्या खुणा) ओहोटीला टाकले की भरतीला ते बुडतात किंवा वजनासकट सरकतात. दोर पूर्ण भरतीच्या खोलीच्या दीडपट हवा आणि विरुद्ध दिशांना दोन वजने, म्हणजे बोया भटकत नाही. मोठ्या फुगीर बोयाला वारा फार लागतो, म्हणून प्रत्येक वजन 25 किलोच्या खाली नको. स्वस्त पडतो म्हणून तरंगणारा प्लास्टिकचा दोर आणतात, आणि ओहोटीला त्याचे ढिले वेटोळे पाण्यावर येऊन आधी बोटीच्या पंख्यात आणि मग पोहणाऱ्याच्या पायात गुंततात. नायलॉनचा बुडणारा दोर घ्यावा, नाहीतर मध्यावर दोन-तीन किलोचे वजन टांगावे.

मोजणीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. 23 ऑक्टोबर 2010 रोजी संयुक्त अरब अमिरातीत फुजैरा येथे दहा किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत फ्रॅन क्रिपन हा अमेरिकन पोहणारा मृत्यू पावला. तो आलाच नाही, हे शर्यत संपल्यावर सहकाऱ्यांच्या लक्षात आले. जगातल्या पहिल्या रांगेतल्या पोहणाऱ्याच्या बाबतीत हे घडले. त्यानंतर पाण्याच्या तापमानाला 31 अंशांची वरची मर्यादा आली. खालची 16 अंश आहे. तापमान मार्गाच्या मध्यावर, 40 सेंटिमीटर खोलीवर, सुरुवातीच्या दोन तास आधी मोजायचे असते. आपल्याकडे डिसेंबरात अडचण नाही. मे महिन्यात मात्र किनाऱ्यालगतचे पाणी 30 अंशांच्या घरात जाते, तेव्हा लांब पल्ल्याची स्पर्धा ठेवूच नये.

प्रत्येकाच्या दोन्ही दंडांवर आणि हाताच्या मागच्या बाजूला न पुसणाऱ्या शाईने क्रमांक लिहावा, कारण टोपी निघून जाते आणि पायातली वेळ मोजणारी चिप पडते. पाण्यात उतरलेले, बाहेर आलेले, बोटीत घेतलेले आणि अजून पाण्यात असलेले, हा हिशेब दर दहा मिनिटांनी जुळवावा. बोटीत घेतलेल्याचा क्रमांक त्याच क्षणी रेडिओवर किनाऱ्याला कळवावा. एक क्रमांक कमी पडला तर शोध ताबडतोब सुरू करावा. कपडे बदलण्याच्या जागी पाहणे, घरी फोन करणे हे त्याबरोबरीने चालू द्यावे, त्याआधी नाही. सापडलेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी पाच श्वास द्यावेत, मग तीस दाब आणि दोन श्वास. बुडालेल्याच्या शरीरात प्राणवायूच उरलेला नसतो, म्हणून नुसते छाती दाबणे पुरत नाही. बोटी किनाऱ्याला लागण्याची जागा आणि रुग्णवाहिका स्पर्धकांच्या शेवटच्या टप्प्यापासून शंभर मीटर तरी बाजूला हवी. जखमीला घेऊन धावत येणारी बोट दमून मान खाली घालून पोहणाऱ्यांच्या घोळक्यात शिरते, तेव्हा एकाचा अपघात दोघांचा होतो.

हे सारे एकाच्या हुकमाखाली असावे. इंग्लिश खाडी पोहताना पोहणाऱ्याला बाहेर काढायचे की नाही, याबाबत बोटीच्या तांडेलाचा शब्द अखेरचा मानतात. मग तिथे पोहोचायला एक किलोमीटर उरलेला का असेना. आपल्याकडे हा अधिकार आयोजक, प्रशिक्षक, पालक आणि प्रमुख पाहुणे यांच्यात विखुरलेला असतो. आयोजनाशी संबंध नसलेला एक सागरी सुरक्षा प्रमुख नेमून त्याला स्पर्धा थांबवण्याचा पूर्ण अधिकार लेखी द्यावा. थांबवण्याचे निकषही आधीच लिहावेत: वारा बारा नॉटच्या वर, धुक्यात पुढचा बोया दिसेनासा, मेघगर्जना झाल्यापासून तीस मिनिटे, कयाकची संख्या ठरल्यापेक्षा कमी.

महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई बंदर प्राधिकरण आणि जिल्हा प्रशासन यांना आमची विनंती आहे की, परवानगीपूर्वी बोटींच्या जागांचा नकाशा, तांडेलांची नावे, मोजणीची पद्धत आणि सुरक्षा प्रमुखाचे नाव मागावे. आदल्या दिवशी त्याच पाण्यात तांडेलांचा दोन तासांचा सराव त्यांच्याच बोलीत घ्यावा, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना द्यावी. स्पर्धा रद्द झाली तरी बोटीचे पूर्ण भाडे मिळेल, ही अट करारात हवी. भाडे बुडणार असेल, तर ‘समुद्र बरा नाही’ असे सांगायला तांडेल कचरतो. यंदाच्या हंगामाचे अर्ज मंजूर करतानाच या अटी त्यांना जोडता येतील. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

आपले नम्र,
सागरी स्पर्धांत बोटी आणि बचावाचे काम पाहणारे काही तांडेल व जीवरक्षक,
मालवण