ऑपरेशनची तारीख देता, तेव्हाच श्वासाचा व्यायामही शिकवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागवाले. गेल्या वर्षी अण्णांची म्हणजे माझ्या वडलांची बायपास झाली. अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले आणि ऑपरेशनची तारीख मिळाली अठरा दिवसांनंतरची. ते अठरा दिवस कशात गेले तर रक्ताची सोय, योजनेचे कागद, रेशनकार्ड, पाहुण्यांचे फोन, आणि अण्णांना आम्ही नुसतं कॉटवर झोपवून ठेवलं, उठू नका, बोलू नका. श्वासाच्या व्यायामाबद्दल हॉस्पिटलात कुणी अवाक्षर काढलं नाही, आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, त्रास झाला तो नंतर. दुसऱ्या दिवशी आयसीयूत फिजिओ मॅडमनी ते तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं, तर अण्णा त्यात फुंकायला लागले. बॉल काय हलेनात. ते फुंकायचं नसतंच, स्ट्रॉनं उसाचा रस ओढतो तसं सावकाश आत ओढायचं, बॉल तीन-चार सेकंद वर धरायचे आणि मग सोडायचं. छातीचं हाड कापलेलं, नळ्या घातलेल्या, साधा खोकला आला तरी डोळ्यात पाणी येतंय, अशा माणसाला ही गोष्ट तिथं पहिल्यांदा शिकवायची? अण्णा घाबरून खोकायचेच नाहीत. कफ साठला, न्यूमोनिया झाला, मुक्काम नऊ दिवसांनी वाढला.

मॅडमनीच नंतर नीट समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालू असताना फुप्फुसं जवळपास बंदच असतात, पुढं दुखतंय म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटतात, तिथं कफ अडकतो आणि इन्फेक्शनला वाट मिळते. आधीच बिडी ओढणारा माणूस असेल तर जास्तच, आणि अण्णा तर अँजिओग्राफीनंतरही गोठ्यामागं जाऊन ओढत होते.

हे काय नवीन शोधलेलं नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टर-फिजिओंनी २००६ सालीच असा अभ्यास छापलाय, बायपासचे २७९ पेशंट, सगळे फुप्फुसाचा धोका जास्त असलेले. निम्म्यांना ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे रोज २० मिनिटं श्वास आत ओढायच्या स्नायूंचा व्यायाम दिला (तिथलं यंत्र वेगळं होतं, श्वास ओढताना अडवणारं). नेहमीसारखेच उपचार मिळालेल्यांत शंभरातल्या १६ जणांना न्यूमोनिया झाला, व्यायाम केलेल्यांत साडेसहा. दोन आठवडे! आमच्याकडं तर अठरा दिवस होते हो, कॉटवर वाया घालवले.

सांगली-मिरजेला जत, आटपाडीपासून पार कर्नाटकातून पेशंट येतात, फिजिओही भरपूर आहेत. मग तारीख देतानाच अर्धा तास फिजिओकडं पाठवायला काय हरकत आहे? यंत्र तर दोन-चारशे रुपयांत मेडिकलला मिळतं. पोटातून श्वास कसा घ्यायचा, उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं कसं, कुशीवर वळून उठायचं कसं, एवढं घरच्यांसमोर करून दाखवा, आम्ही घरी करून घेऊ. ज्यांना बसल्या जागी छातीत दुखतं किंवा तातडीचं ऑपरेशन आहे त्यांचं डॉक्टर ठरवतील, पण जे घरी बसून तारखेची वाट बघतात त्यांना तरी शिकवा. आणि योजनेच्या कागदांची यादी देता त्याच कागदावर ही एक ओळ टाका, कारण तो कागद आम्ही दहा वेळा वाचतो.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची व्हॉल्व्हची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावलं, ते हो म्हणाले, नवीन यंत्र आणलंय. काल पहिलाच बॉल वर गेला, तर नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.

आपली,
एक वाचक, तासगाव (जि. सांगली)