पांबनचा तो उघडणारा भाग तरी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा जुना रेल्वे पूल मोडीत काढणार असं वाचल्यापासून राहवत नाहीये म्हणून लिहितेय. माझ्याकडे आजीने रामेश्वरहून पाठवलेलं फोटो पोस्टकार्ड आहे, ब्लॅक अँड व्हाइट, पुलाची मधली दोन्ही पाती वर उचललेली आणि मधून जहाज चाललंय. तिकीट कुणीतरी संग्रहासाठी काढून घेतलं, त्याच्याबरोबर पोस्टाचा शिक्का पण गेला, त्यामुळे तारीख कळत नाही. पण शेजारचा रस्त्याचा पूल फोटोत कुठेच नाही आणि तो 1988 ला सुरू झाला, म्हणजे फोटो त्याआधीचा. मागे आजीच्या अक्षरात एवढंच आहे की गाडी समुद्रावर आल्यावर डोळेच मिटून घेतले आणि सेतूची वाळू घेतली आहे. ती वाळू पुढे प्रयागला त्रिवेणीत सोडायची, काशी-रामेश्वर केलेल्या घरांना हे सांगायला नको.

हा पूल 1914 चा, दोन किलोमीटरच्या वर लांब. मधला शेरझर स्पॅन, म्हणजे दोन पात्यांचा उघडणारा भाग, कितीतरी वर्षं माणसं हाताने लिव्हर फिरवून उघडायची, मोटर नाही काही नाही, खारा वारा अंगावर घेत. डिसेंबर 1964 च्या वादळात बहुतेक गर्डर (पुलाच्या लोखंडी तुळया) वाहून गेले पण हा स्पॅन टिकला, आणि रेल्वेचे इंजिनिअर ई. श्रीधरन साहेबांच्या टीमने 46 दिवसांत पूल परत उभा केला, तोही समुद्रातून काढलेले जुनेच गर्डर वापरून. (त्या रात्री पॅसेंजर गाडी पुलावरून पडली असं बरेच जण सांगतात, ते चूक आहे, ती धनुष्कोडीजवळ लाटेखाली गेली.)

डिसेंबर 2022 पासून जुन्या पुलावरून गाडी नाही, एप्रिल 2025 ला नवा सुरू झाला. नव्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्याचा मधला भाग लिफ्टसारखा सरळ वर जातो, छानच आहे. जुना पूर्ण ठेवणं अवघड असेल हेही समजतं, गंजलेलं लोखंड जहाजांच्या वाटेत किती दिवस ठेवणार. पण ती दोन पाती भंगारात देऊ नका हो. तिथेच पांबनच्या किनाऱ्यावर उभी करा, लिव्हरसकट, म्हणजे यात्रेला येणाऱ्या पोराबाळांना ती कशी उघडायची ते कळेल.

कार्डाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून सोबत पाठवतेय. छापलंत तर मागची बाजू पण छापा.

आपली नियमित वाचक,
सांगली