मंत्री महोदय, माळावर वाघ नसतो

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दामच घातलेलं नाही. माळरानाचं गाऱ्हाणं घेऊन गेलं की वनवाले महसूलकडे बोट दाखवतात, महसूलवाले ऊर्जेकडे, ऊर्जावाले दिल्लीकडे आणि दिल्लीवाले कोर्टाकडे. तेव्हा ज्यांना हे पत्र आपल्यासाठी आहे असं वाटेल त्यांनी ते आपलं समजावं. तसं कुणालाच वाटणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच ते जाहीर लिहिते आहे.

मी चित्रकार आहे. पक्षी काढते, त्यातही माळावरचे आणि वाळवंटातले. एका सरकारी माहिती केंद्राच्या लांबच लांब भिंतीवर माळरान रंगवायचं काम मध्यंतरी माझ्याकडे आलं. मी हरखून गेले. पिवळं कुसळी गवत, मधेच उघडी पडलेली मुरमाड जमीन, एका कोपऱ्यात धाविकांची जोडी, वर गिरकी घेणारा भोवत्या, लांबवर मेंढरांची धूळ आणि मधोमध मान ताठ करून उभा असलेला माळढोक. पाहणीला साहेब आले. म्हणाले, "मॅडम, काम सुंदरच आहे, पण फार कोरडं वाटतं हो. थोडी झाडं टाका ना. मागे एखादं तळं वगैरे." मी त्यांना उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं, की हा पक्षी झाडीत राहत नाही, त्याला लांबवरचं दिसावं लागतं, तो उघड्यावरच जगतो. साहेबांनी मान डोलावली. "बरं, राहू द्या तसंच. याला कुणी हात लावणार नाही, माझा शब्द."

परवा सहलीला गेलेल्या एका शिक्षिकाबाईंनी फोटो पाठवला. माझ्या माळावर आता आंब्याएवढी झाडं उगवली आहेत. डाव्या बाजूने धबधबा कोसळतो आहे. माळढोकाच्या पायाशी कमळं आहेत. आणि गवतातून एक वाघ बाहेर येतो आहे, हसरा. धाविकांची जोडी त्याच्या पोटाखाली गेली. खाली कोपऱ्यात माझी सही मात्र जागच्या जागी आहे. ती कुणीही पुसली नाही. धन्यवाद.

आपण म्हणाल, एवढ्याशा भिंतीचं काय घेऊन बसलात. महोदय, भिंतीवर जे झालं तेच जमिनीवर चाललं आहे, म्हणून घेऊन बसले आहे. जिथे झाड नाही तिथे काहीच नाही, असं आपल्या व्यवस्थेने एकदा ठरवून टाकलं आहे. मग त्या 'काहीच नाही'वर कुणी रोपं लावतं, कुणी तारा ओढतं, कुणी सौर पट्ट्या अंथरतं, कुणी वाघ काढतं.

या 'काहीच नाही'मध्ये काय असतं ते मी पाहिलेलं आहे. पश्चिम राजस्थानात, जैसलमेरच्या पलीकडे, उन्हाळ्यात पहाटे एखाद्या पाणवठ्याजवळ पालथं पडून राहा. पखुर्ड्यांचे थवे येतात. नर पाण्यात उतरतो, पोट बुडवून अंग हलवत बसतो, पोटाची पिसं स्पंजासारखी पाणी पितात, आणि तो ते पाणी कित्येक मैल लांब पिल्लांकडे घेऊन उडतो. पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून तहान भागवतात. त्या नराच्या पाठीवर जे रंग आहेत ते काढताना माझी पिवळी माती, गेरू, राखाडी सगळं संपतं, तरी रंग जुळत नाही. तिथे सांडा नावाचा सरडा आहे, वाळवंटी मांजर आहे, खोकड आहे, चिंकारा आहे. चिंकारा पाण्यावाचून किती काळ तग धरतो ते पाहा आणि मग टँकरवर चालणाऱ्या आपल्या शहरांकडे पाहा. वाळवंट रिकामं नाही. तिथे जो तो उन्हात बसून नाही, एवढंच. ते पाहायला पहाटे उठावं लागतं, दौऱ्याची गाडी अकराला निघून चालत नाही.

आता माळढोकाकडे येते. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी आहे. मीटरभर उंच. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत जड पक्ष्यांपैकी तो एक. मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, वर्षाला बहुधा एकच. देशभरात मिळून आता दीडशेच्या आसपास उरलेत म्हणतात, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. डॉ. सालिम अली हा राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून सांगत होते. 1963 मध्ये मोर झाला. माझी मोराबद्दल तक्रार नाही. पण मोराला कुणी विसरलं असतं का?

माळढोकाला मारणारी गोष्ट कोणती, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण अहवाल आपल्याच टेबलांवर पडलेत. विजेच्या तारा. याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचं नीट दिसत नाही. उडतानाही तो खालची जमीन न्याहाळत जातो. तार दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं, आणि एवढं जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने थरमधल्या 4,200 चौरस किलोमीटरचा अंदाज काढला होता. वर्षाला 80 हजारांहून जास्त पक्षी तारांनी मरतात, सगळ्या जातींचे मिळून. लाखभरच म्हणा ना. तुमच्याकडे लाखाच्या खालच्या आकड्याला कोण विचारतं?

मी एकदा अशा एका लाइनखाली कांड्या करकोचा पडलेला पाहिला. तिकडे त्याला कुरजां म्हणतात. फलोदीजवळच्या खीचन गावात लोक हिवाळाभर त्यांना दाणे घालतात, हजारोंनी येतात ते. हा एकटा होता. एक पंख खांद्यापासून उलटा झालेला, छातीवरची लांब काळी पिसं वाळूत चिकटलेली, डोळ्यामागचा पांढरा झुबका मात्र अगदी स्वच्छ, आत्ताच विंचरल्यासारखा. मुंग्या लागल्या होत्या. मी बसून त्याचं रेखाटन केलं, दुसरं काय करणार? गाडीवाला म्हणाला, ताई, हे तर रोजचं आहे. हल्ली माझ्या वहीत क्षितिजाची एक रेघ ओढली की तिच्यावर तारांच्या पाच-सात रेघा आपोआप येतात. त्या वगळून चित्र काढावं तर खोटं होतं, आणि घालून काढावं तर प्रदर्शनात लोक विचारतात, या तारा कशाला काढल्यात, छान चित्र बिघडलं की.

हो, प्रदर्शनाचंही सांगते, कारण आमच्या हालांवर कुणी तारांकित प्रश्न विचारत नाही. हिरवं चित्र विकलं जातं. तळं असलेलं विकलं जातं. भुऱ्या जमिनीवर बसलेला भुरा चंडोल दिवाणखान्यात कुणाला नको असतो. गुडघे गेले आहेत, उन्हाने डोळ्यांखालची कातडी कायमची काळवंडली आहे. डॉक्टर म्हणतात वाळवंट बंद करा, घरचे म्हणतात गणपती रंगवा. रंग महाग, कागद त्याहून महाग, गॅलरीचं भाडं तर विचारूच नका. माहिती केंद्राच्या कामाचं अर्धं बिल अजून 'प्रक्रियेत' आहे. ज्याने वाघ काढला त्याचं निघालं असेल बहुतेक. वाघाचं लगेच निघतं.

मूळ मुद्द्याकडे येते. एप्रिल 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या पक्ष्याच्या प्रदेशातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली घाला, बाकीच्यांवर पक्ष्यांना तार दिसावी म्हणून फिरत्या चकत्या लावा. वर्षभराची मुदत होती. सरकार परत कोर्टात गेलं: एवढ्या मोठ्या क्षेत्रात हे जमणार नाही, सौरऊर्जेचं काय होणार, देशाने जगाला दिलेल्या शब्दाचं काय? क्षेत्र सुमारे 99,000 चौरस किलोमीटरचं होतं, कठीण होतं हे मला मान्य आहे. मार्च 2024 मध्ये तो आदेश मागे घेऊन समिती नेमली गेली. जगाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून पक्ष्याला दिलेला मोडायचा, हा हिशेब मला कळतो. कळत नाही ते हे, की सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीची गरजच नाही असं कुणी ठरवलं? सूर्य स्वच्छ आहे म्हणून त्याच्या नावाने घेतलेली जमीन, रस्ते, कुंपणं आणि तारासुद्धा स्वच्छ? मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. माझ्याही छतावर पट्ट्या आहेत. शहरातली सगळी छतं, गोदामं, कारखाने आधी झाकून होऊ द्या, मग ओरणांकडे वळा की. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथे कुऱ्हाड चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गावांनी ते जपलं, आणि सात-बाऱ्यासारख्या कागदांवर त्यातलं कितीतरी सरकारी पडीक म्हणून निघालं. त्याच पश्चिम राजस्थानात, मारवाडात, 1730 साली खेजडीची झाडं वाचवताना अमृतादेवींसह 363 बिश्नोई माणसांनी मान दिली. आज त्यांना निविदा सूचनेची प्रत मिळाली असती.

आणि हे राजस्थानवर ढकलून तुम्ही सुटणार नाही. आपल्या नान्नजला, सोलापूरशेजारी, 1979 मध्ये माळढोक अभयारण्य झालं. कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, राग निघाला तो बिचाऱ्या पक्ष्यावर. मग बऱ्याच वर्षांनी ते घटवून हजार-बाराशेवर आणलं. या सगळ्या मापामापीत माळढोक गेला. एखादा दिसला तर आता वर्तमानपत्रात बातमी येते. आणि मधल्या काळात आपण काय केलं? झाडं लावली. 2019 च्या एका पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तेहतीस कोटी, देवांच्या हिशेबाने. त्यातली किती जगली हा वेगळा प्रश्न, पण कुठे लावली हा माझा प्रश्न आहे. खड्डे खणायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे माळ. तिथे ना कुणाचं घर, ना कुणाचं पीक. कोकणात किंवा विदर्भात कुठेतरी जंगल तुटतं आणि त्याची भरपाई माळावर गिरिपुष्प लावून होते. तणमोरासारखा गवतातला पक्षी जातो, लांडगा जातो, काळवीट शेतात शिरतं, आणि मेंढरं घेऊन निघालेल्या धनगराला तारेच्या कुंपणाशी फॉरेस्टवाला अडवतो. गवत जमिनीखाली कार्बन साठवून ठेवतं हे शास्त्रज्ञ सांगून थकले. पण गवतासोबत फोटो काढता येत नाही ना. रोपाला कसं झारीने पाणी घालता येतं.

चित्ता 1952 मध्ये देशातून संपल्याचं जाहीर झालं. 2022 मध्ये नामिबियातून विमानाने आणला. तोही उघड्या रानाचाच प्राणी. म्हणजे आधी माळ संपवायचा, मग त्याचे रहिवासी परदेशातून आणायचे, आणि त्याचा सोहळा करायचा. माळढोकासाठी ती सोयसुद्धा नाही, कारण तो भारताबाहेर जवळपास नाहीच. जैसलमेरमध्ये सम आणि रामदेवऱ्याला कृत्रिम प्रजनन केंद्रं चालली आहेत, 2024 मध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पिल्लूही झालं. ते काम करणाऱ्यांना माझा मनापासून सलाम. पण ती पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? तारांखाली?

आमच्या धंद्याचा यातला वाटा मला नको आहे, तो सांगते. जहांगीर बादशहाच्या पदरच्या उस्ताद मन्सूरने सैबेरियन क्रौंच काढला होता. चारशे वर्षांनी चित्र शाबूत आहे आणि भरतपूरला तो क्रौंच 2002 नंतर आलेला नाही. नामशेष झालेल्या डोडोचं एक चित्रही मन्सूरचंच मानतात. चित्रं फार टिकतात, महोदय. उद्या एखादा अधिकारी माझ्याकडून माळढोकाचं चित्र विकत घेऊन 'येथे पूर्वी हा पक्षी असे' असं लिहून टांगेल आणि त्या दिवशी माझं बिल वेळेवर निघेल. मला ते पैसे नकोत.

मागण्या थोड्याच आहेत. गवताळ माळांवर झाडं लावणं थांबवा, जिथे लावलीत तिथली काढा. माळढोकाच्या शिल्लक प्रदेशात नवी तार वरून नेऊ नका, आणि आहेत त्यांपैकी कुठल्या कधी खाली जाणार ते लाइननिहाय, तारखेनिहाय जाहीर करा. सौर प्रकल्पांना पर्यावरण परीक्षण लागू करा. गुराख्या-मेंढपाळांना आणि ओरण राखणाऱ्यांना निर्णयात घ्या. तो माळ ते जपत आले, तुमचा विभाग नंतर झाला.

आणि कृपा करून 'आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठविण्यात आले आहे' हे छापील वाक्य पाठवू नका, माझ्याकडे त्याची फाईल झाली आहे. पाठवणारच असाल तर तो संबंधित विभाग कुठला, तिथल्या कुठल्या माणसाकडे हे गेलं आणि त्याने माळ शेवटचा कधी पाहिला, एवढं लिहा.

आपली,
एक चित्रकार

ता. क. भिंतीवरचा वाघ राहू द्या, पोरांना आवडत असेल. माझी सही तेवढी पुसा.